दक्षिणेची भिंत

१

"कोणी हात धरला व्हता का गं तुझा? सांग की! भर कचेरीत, चार माणसांदेखत तूच अंगठा टेकवलास. मी काय मानेवर बसलो व्हतो तुझ्या? जित्तेपणी तोंडातनं ब्र काढला नाय, अन् आता मेल्यावर दोन वर्षांनी भर दुपारची येऊन माझी भिंत उकरती? थांबव म्हणतो ते! मैने, थांबव!"

जयसिंग असा गळ्याच्या शिरा ताणून ओरडत व्हता, अन् खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सातवा मजला, दुपारचे तीन, अंगात बनियन, हातात लोखंडी टेप. समोर दक्षिणेची भिंत. पांढरी, कोरी, तिच्यात दुधी काचेची एक बारकी सरकती खिडकी. भिंतीच्या पलीकडं काय, तर वारा. गॅलरी नाय, शेजार नाय, कबुतराला टेकायला पट्टीसुद्धा नाय.

भिंतीतला आवाज थांबला. पण तो जयसिंगला भिऊन नाय थांबला. रोज ज्या वक्ताला थांबायचा त्याच वक्ताला थांबला. काम संपलं म्हणून माणूस थांबतं, तसा.

दारात त्याचा मुलगा रोहन येऊन उभा राहिला. कानात ती पांढरी बोंडं तशीच.

"आबा, माझा कॉल चालू होता. अख्ख्या टीमनं ऐकलं."

"ऐकू दे. त्यांना इचार, तुमच्या घराच्या भिंती जाग्यावर हायत का म्हणावं."

"कोणाशी बोलत होता?"

"तुझ्या आत्याशी."

रोहन मागं सरला. दार हळूच ओढून घेऊन गेला. आत पाऊल टाकलं नाय त्यानं. बुधवारपासनं तो ह्या खोलीत पाऊल टाकत नव्हता.

जयसिंगनं खाली बसून टेप लावली. उत्तरेच्या भिंतीपासनं दक्षिणेच्या भिंतीपर्यंत. साडेसात फूट.

सोमवारी हीच खोली साडेदहा फूट व्हती.

२

ह्याला कारण झालं ते मृत्युपत्र. जयसिंगच्या काळजाच्या नळ्या तुंबल्या व्हत्या. अठ्ठावीस तारखेला बुधवारी बायपास ठरली, अन् आदल्या दिवशी दवाखान्यात भरती. धायरीतल्या जुन्या दोस्तानं कान उपटले, "टेबलावर झोपायच्या आधी कागद करून ठेव. मागं पोराची फरफट नको." तेव्हा सोमवारी तो नारायण पेठेत सुहासिनीबाई वकिलांकडं गेला. बाई साठीच्या, बारीक चणीच्या. बोलणं असं की माणसानं खुर्चीत बसल्या बसल्या कॉलर नीट करावी.

"काय काय आहे आपल्या नावावर?"

"दोन फ्लॅट. जमीन बिल्डरला दिली, त्याच्या बदल्यात आले. सातव्यावर आम्ही राहतो, चौथ्यावरचा मोकळा हाय. दोन्ही पोराला लिवा अन् मला मोकळं करा."

"मोकळं तुम्हाला डॉक्टर करतील. मी विचारते तेवढं सांगा. जमीन मुळात कोणाची?"

"बापाची. भैरूची."

"त्यांना त्यांच्या वडिलांकडून आली, का त्यांनी स्वतः घेतली?"

"घेतली. गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहून घेतली."

"ठीक. वाडवडिलांपासून चालत आलेली असती तर तुमच्या मुलाचा जन्मापासूनच वाटा असता, आणि तुम्हाला फक्त तुमच्या वाट्याचं लिहिता आलं असतं. इथे तसं नाही. तुमचं ते तुमचं. मुलाला द्या, नाहीतर रस्त्यावरच्या माणसाला द्या. वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं?"

"छ्या. त्यांना कागद दिसला तरी घाम फुटायचा."

"मग ते वारले तेव्हा जमीन मुलांमध्ये सारखी वाटली गेली. मुलगे आणि मुली, सारखी. भावंडं किती?"

"एक बहीण. मैना. वारली दोन वर्षांखाली. पण बिल्डर आला तेव्हाच तिनं हक्कसोड दिलं व्हतं. आमच्याकडं सगळ्याच बहिणी देत्यात. माहेर तुटू नये म्हणून."

"रजिस्टर केलंय?"

"व्हय. शिक्क्यासकट."

"मोबदला काय दिलात?"

"साडी नेसवली की."

बाईंनी चष्म्याच्या वरनं बघितलं. "किती एकराची होती साडी?"

जयसिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्या कुणी असं म्हणलं असतं तर टेबल उलथं केलं असतं त्यानं.

"चिडू नका," बाई म्हणाल्या. "कागद कायद्यानं पक्का आहे. कायदा साडी मोजत नाही. आता ऐका. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. तुम्ही सही करताना त्यांनी बघायचं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला आणू नका. तुम्ही शुद्धीवर आहात असा डॉक्टरचा दाखला. आणि दोन्ही फ्लॅटचं वर्णन. लांबी, रुंदी, चारी दिशांना काय आहे ते. बिल्डरच्या कागदावरून उतरवू नका, मोजून आणा."

मोजून आणा. एवढंच म्हणल्या बाई.

३

मंगळवारी जेवण करून, गोळ्या गिळून जयसिंग आपल्या खोलीत पडला व्हता. दुपारी पडून राहा, अशी डॉक्टरची ताकीदच व्हती. डोळा लागत व्हता, तेवढ्यात आवाज आला.

कुदळ भुसभुशीत मातीत शिरती अन् मधीच एखादा खडा लागतो, तसा. मग ढेकूळ फुटल्याचा. मग बाईमाणूस वाकल्या जागेवरनं उठताना श्वास सोडतं, तसा.

वर कुणीतरी फरशा बसवत असंल, असं वाटलं त्याला. ह्या बिल्डिंगीत बारा महिने कुणाचं ना कुणाचं फर्निचर चालूच असतं. अर्ध्या तासानं आवाज थांबला. उठलोच हाय तर बाईंचं काम करावं म्हणून त्यानं टेप काढली. पूर्व-पश्चिम बारा फूट, बरोबर. उत्तर-दक्षिण नऊ फूट नऊ इंच.

कागदावर साडेदहा.

"रोहन्या! अरे ये हिकडं! बिल्डरनं नऊ इंच खाल्लं आपलं!"

रोहन त्याचं ते लाल ठिपका पाडायचं मशीन घेऊन आला. भिंतीवर ठिपका मारला, आकडा बघितला. "नऊ-नऊच येतंय, आबा. कार्पेट एरियात मारलीय त्यांनी. कॉमन आहे हे. मी आत्ताच्या आत्ता मेल टाकतो."

"तू मेल टाक. मी जाऊन त्याच्या कानशिलात टाकतो."

त्या दिवशी बापलेक लय दिवसांनी एका बाजूनं भांडले. जेवताना हसलेसुद्धा. जयसिंगची बायको जाऊन सहा वर्षं झाली व्हती. त्या घरात ताटावर हसणं व्हायचं नाय सहसा.

बुधवारी दुपारी पुन्हा आवाज. पुन्हा टेप. नऊ फूट.

रोहननं मशीन लावलं. नऊ. सेल बदलले. नऊ. हॉलमधी जाऊन लावलं, तिथं कागदावरचा आकडा बिनचूक. परत येऊन लावलं. नऊ. मग त्यानं मान वर केली, अन् जयसिंगनंबी केली. छताचा पंखा खोलीच्या मधोमध राहिला नव्हता. उत्तरेकडं मोकळी जागा जास्त, अन् दक्षिणेचं पातं भिंतीच्या लय जवळनं फिरत व्हतं.

"मशीन गेलंय," रोहन म्हणला.

"मग हॉलमधी कसं चालतं?"

"गेलंय म्हटलं ना, आबा!" एवढा आवाज त्या पोरानं बापापुढं कधी चढवला नव्हता. मशीन खिशात घालून गेला तो गेलाच.

गुरुवारी जयसिंग खाली उतरला. रस्त्यापलीकडं जाऊन मान मोडेस्तोवर वर बघितलं. बिल्डिंगीची कड तळापासनं गच्चीपर्यंत ओळंबा सोडल्यासारखी सरळ. सातव्या मजल्यावर पोट आत गेलेलं नाय, काय नाय. आपल्यालाच भोवळ येती, त्यानं मनाशी ठरवलं. गोळ्या बदलल्यात, त्याचं हाय हे. रक्त पातळ झालं की माणसाला इंच कळत नसत्याल. पण मग मशीन काय गोळ्या खातं?

वर आला तर आठ फूट तीन इंच. अन् दक्षिणेच्या भिंतीच्या पायाशी, पांढऱ्या फरशीवर, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत काळ्या मातीची रेघ. खिडकी बंद. त्यानं चिमूट उचलली. मातीला ओल व्हती. तिच्यात हरळीची तुटलेली मुळी व्हती, पांढरी, ताजी. मैना जिथं राबायची त्या बांधावर जी हरळी माजायची, ती.

कामवाली यायच्या आत त्यानं स्वतः केरसुणी घेऊन ती झाडून काढली.

४

शुक्रवारी ओरडून घसा बसल्यावर तो कॉटवर टेकला अन् पहिल्यांदा नीट इचार केला. रोज नऊ इंच. कमी नाय, जास्त नाय. नऊ इंच म्हणजे काय?

नांगराचं एक तास. नांगराचा फाळ एका फेरीत जेवढी माती पलटी करतो, तेवढी पट्टी.

मग त्याला ओढ्याकडंचा बांध आठवला.

मैनाला नवऱ्यानं टाकली तेव्हा ती तीन वर्षांची पोर काखोटीला मारून माहेरी आली. म्हाताऱ्या भैरूनं तिला शेतात नेऊन उभी केली. ओढ्याकडंचा एक पट्टा दाखवला अन् म्हणला, "पोरी, हे तुझं. माझ्या माघारीबी तुझंच." तोंडी. कागद नाय, शिक्का नाय. मैनानं त्या पट्ट्यात मेथी लावली, कोथिंबीर लावली. भल्या पहाटे जुड्या बांधून सिंहगड रोडच्या कडेला बसायची. पोर तिथंच पोत्यावर अभ्यास करायची.

म्हातारा गेला. त्याच्या पुढच्या नांगरटीला जयसिंग ट्रॅक्टरवाल्याला म्हणला, "बांधाच्या बाजूनं जरा दाबून घे." एक तास. बांध एका तासानं मैनाच्या पट्ट्यात सरकला. एवढ्यानं काय व्हतंय? पुढच्या वर्षी पुन्हा एक. बांध असा कोरला की कुणाला दिसत नाय. माणूस वर्षातनं एकदाच कोरतो, अन् वर्षभरात डोळा नव्या जागेला सरावतो.

मैना एकदाच बोलली. बांधावर भाकरी खाताना, हसत. "दादा, यंदा माझी एक सरी कमी भरली रे."

"तुझ्या मोजण्यात चूक असंल."

"असंल बाबा," ती म्हणली. अन् पुढल्या वर्षी तिनं एका सरीचं बी कमी आणलं. त्याच्या पुढल्या वर्षी अजून एका सरीचं. पुन्हा कधी तोंडातनं शब्द नाय काढला. तिला दिसत व्हतं. तिनं न सांगता स्वतःचं शेत लहान करून घेतलं.

अशा चौदा नांगरटी. मग बिल्डर आला, अन् हक्कसोड. कचेरीत मैना ठेवणीतली साडी नेसून आली व्हती. कारकुनानं शाईचा डबा पुढं केला तर म्हणली, "सही करू का? मला येती. पोरीनं शिकवलीय." जयसिंगच खेकसला, "अंगठाच दे, लवकर आटपंल." तिनं अंगठा दिला. पदराला पुसला. वडगावात भाड्याच्या एका खोलीत राहायला गेली. तिथं असतानाच वारली.

जयसिंगनं बोटावर हिशेब मांडला. चौदा तासं, नऊ-नऊ इंचाची. पुन्हा मांडला. साडेदहा फूट.

त्याची खोली साडेदहा फूट व्हती.

५

शनिवारी सकाळी सकाळीच तो नारायण पेठेत बाईंच्या पुढ्यात जाऊन बसला.

"चौथ्यावरचा फ्लॅट भाचीला लिवा. सोनालीला. मैनाची पोर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सोमवारी सगळं मुलाला होतं. पाच दिवसांत काय झालं?"

"सुचलं."

"काल तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता. म्हणाले, आबा भिंतीशी बोलतात."

पोरानं असं करावं?

"अहो, मी तुमच्या भल्यासाठी विचारते आहे," बाई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला व्हता. "करणारा भानावर नव्हता असं उद्या कोणी कोर्टात सिद्ध केलं, तर ह्या कागदाची रद्दी होते. मग भाचीला काही मिळणार नाही. नसलेलं काही दिसतं का तुम्हाला? ऐकू येतं?"

बोलावं तर पोरीचं जातं. जन्मात पहिल्यांदा जयसिंगला खरं सांगून टाकावं असं वाटत व्हतं, अन् नेमकं आत्ताच सांगता येत नव्हतं.

"मोबाईलवर बोलत व्हतो," तो म्हणला. "स्पीकर लावून. पोराला कळलं नसंल."

"बरं. मोजणी आणलीत?"

"व्हय."

"तुमची खोली?"

"बारा बाय साडेदहा." दुसऱ्याचा बांध कोरणारा माणूस तो, स्वतःच्या खोलीतला तीन फुटांचा तुटवडा गिळून बसला.

"दक्षिणेला काय?"

"मोकळी हवा."

बाईंनी लिहून घेतलं. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातनं सात वजा करायला लावले. दाखला दिला. डॉक्टर एक साक्षीदार, बाईंच्या हाताखालचा वकील चेतन दुसरा. जयसिंगनं दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली, दोघांनी त्याच्यासमोर केली.

"झालं," बाई म्हणाल्या. "पण एक ध्यानात ठेवा. तुम्ही जिवंत आहात तोवर हा कागद मुका आहे. तुम्ही गेल्यावरच बोलेल. आणि तोवर केव्हाही बदलता येतो. उद्या राग आला तर उद्या या."

"बदलायचा नाय."

"सगळे असंच म्हणतात. मग एकेकाची चार-चार निघतात. आत्ताच द्यायचं असेल तर बक्षीसपत्र करतात. ते रजिस्टर झालं की वस्तू तिची, तुम्ही हात लावू शकत नाही."

"हेच बरं हाय," जयसिंग म्हणला.

अन् खरंच बरं वाटलं त्याला. दिल्यासारखं झालं, अन् हातातनं काय गेलं नाय. रिक्षात बसून त्यानं डोळे मिटले. आता थांबंल. आता थांबायलाच पाहिजे.

घरी पोचला तेव्हा चार वाजले व्हते. फरशीवर मातीची रेघ. पावणेसात फूट.

६

रविवारी सकाळी त्यानं सोनालीला फोन लावला. ती एका औषधाच्या दुकानात कामाला व्हती, आईच्याच खोलीत एकटी राहायची. तीन वेळा लावल्यावर उचलला.

"बोला मामा."

"कशी हायस?"

"बरी आहे. काम काय होतं?"

"काम काय असायला पाहिजे का? परवा भरती होतोय मी. बायपास."

"कळलं मला. काळजी घ्या."

"ऐक, सोने. चौथ्यावरचा फ्लॅट तुझ्या नावानं लिवलाय मी. वकिलाकडनं. साक्षीदारांसकट. पक्का कागद."

"कधी मिळणार?"

"म्हणजे... माझ्या माघारी."

सोनाली हसली. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर जयसिंगला काहीतरी बोलता आलं असतं. "मामा, आजोबांनीपण आईला असंच सांगितलं होतं. माझ्या माघारी तुझंच. आई शेवटपर्यंत म्हणायची ते. दवाखान्यात ग्लानीत होती, तर मला सांगते, बांधाकडून लाव गं, तिकडची माती आपली आहे."

"सोने..."

"नको मामा. आई सांगून गेलीय, मामाकडून काही मागायचं नाही. माहेर म्हणजे मागायची जागा नव्हे, असं म्हणायची ती. तुम्ही बरे व्हा." अन् फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाय. दिवसभरात बारा वेळा लावला.

दुपारी अडीचला कुदळ चालू झाली. जयसिंग उशीत तोंड खुपसून पडून राहिला, ओरडला नाय. ओरडायला तोंड कुठं व्हतं? खडा लागला. ढेकूळ फुटलं. बाईनं श्वास सोडला. मग कपाट आपोआप कण्हल्यासारखं वाजलं अन् दोन बोटं सरकून आलं. सहा फूट. कॉट आता उत्तर-दक्षिण बसंना. त्यानं एकट्यानं, छातीत कळ येत असताना, ती आडवी केली.

रोहन हॉलमधी बसला व्हता. कॉटच्या पायांचा आवाज त्याला ऐकू गेला असणार. तो आला नाय.

७

सोमवारी जयसिंग जेवलाच नाय. दोनपासनं खिडकीपाशी उभा राहिला. आता खिडकी कॉटच्या इतकी जवळ आली व्हती की कॉटवरच गुडघे टेकवून उभं राहावं लागत व्हतं. अडीचला आवाज सुरू झाला. इतका जवळ, की खडा लागला तसं दाताला कळलं.

त्यानं दुधी काच चार बोटं सरकवली.

वारा आला नाय. खाली रस्ता नव्हता, गाड्या नव्हत्या. खिडकीच्या कडेला लागूनच माती व्हती. काळी, ओली, उन्हात वाफ सोडणारी. अन् हाताच्या अंतरावर एक वाकलेली पाठ. खाली जायची, वर यायची. कोपराला चिखल. मानेवर केसांचा बारका बुचडा, घामानं चिकटलेला. तोंड दिसत नव्हतं. ते तिनं हिकडं फिरवलंच नाय.

तिला घाई नव्हती. चिडून चाललेलं काम नव्हतं ते. उन्हाचं, कुणी नसताना, पोटासाठी करायचं काम जसं चालतं तसं चाललं व्हतं. एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत पोचली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मग उकरलेल्या पट्टीवर एक पाऊल आडवं टेकवून रुंदी मोजली. बरोबर भरली बहुतेक. तिनं कुदळ खांद्यावर घेतली.

अजून एक घाव घालता आला असता तिला. घातला नाय. त्यानं जेवढं एका वर्षात घेतलं व्हतं तेवढंच ती एका दिवसात घेत व्हती, बोटभरसुद्धा जास्त नाय.

"मैने," जयसिंग म्हणला. "घे की सगळं. एकदाच घेऊन टाक. असं नको करू."

ती चालायला लागली. बांधाच्या कडेकडेनं, त्याच्या शेतात पाय पडू नये म्हणून जपून.

मग वारा आला, एकदम, थंडगार. समोर सात मजल्यांची पोकळी, लांब सिंहगडाचा डोंगर, खाली हॉर्न. जयसिंग कॉटवर कोसळला. सव्वापाच फूट. मोजायची गरज नव्हती.

दार उघडलं. रोहन उंबऱ्यावर उभा. तोंडाला रक्त नाय.

"काय दिसलं, आबा?"

जयसिंगनं वर बघितलं. "तुला आवाज येतो का रे?"

रोहननं खालचा ओठ चावला. "पहिल्या दिवसापासून."

"मग वकिलीणबाईला फोन करून मला येडा ठरवलास, ते कशाला?"

"मला वाटलं..." पोर रडायला आलं. तीस वर्षांचा घोडा, पण रडायला आलं. "मला वाटलं, आपण दोघंही नाही म्हणालो तर ते नसेलच. आणि तुम्ही आत्याचं नाव घेतलंत तेव्हा, चौथ्यावरचा सोनालीला गेला तर माझं काय, तेही वाटलं. खोटं कशाला बोलू."

"माझंच रक्त तू. दुसरं काय वाटणार तुला?"

"मृत्युपत्र केलंत ना पण तुम्ही? आता काय राहिलं?"

"ते माघारीचं हाय, रोहन. माघारीचं ऐकूनच मेली ती. उद्या मी भरती होतोय. परवा टेबलावर काय व्हईल ते होवो, सात दुपारी राहिल्यात ह्या खोलीच्या. ही खोली संपली की पुढं काय, मला ठाव नाय. पुढची खोली तुझी हाय."

रोहननं मागं वळून स्वतःच्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"मला तिच्या हातात चावी दिल्याली बघायचीय. आज. वकिलीणबाईला सांग, बक्षीसपत्र लिवा, रजिस्टर करा, मी सही करून मग दवाखान्यात जातो. सोनाली माझा फोन उचलत नाय. तुझा उचलंल. तिला म्हण, मागायला नाय बोलवत, तिचं तिला न्यायला बोलवतोय."

"ती नाही म्हणाली तर?"

"पुन्हा लाव."

"आबा, तिला सांगू काय मी? हे असलं?"

"जे ऐकलंस ते सांग. बांध कुणी कोरला तेबी सांग. माझं नाव घेऊन सांग. मोबाईल काढ. लाव."